अकरा घरांचं खातं

तुळजाला, माझ्या लेकीला, दुसरी मुलगी झाली ते साल २०११. शनिवारी बारसं झालं, नाव प्रतीक्षा ठेवलं, आणि सोमवारी, अठ्ठावीस मार्चला, चिटगुप्प्याच्या बँकेत खिडकीतल्या बाईंनी माझं पासबुक आत घेतलं ते परत दिलं नाही.

पासबुक मशीनमधून छापून यायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक होतं. तेवढा वेळ उभा राहिलो. मग आणखी तेवढाच. बाई पासबुक घेऊन आतल्या काचेच्या खोलीत गेल्या. मागचा माणूस म्हणाला, "काका, बाजूला सरका, तुमचं लांबलं दिसतंय." मी सरकलो नाही. खिडकी सोडली की नंबर जातो, हे सात वर्षांत शिकलो होतो.

शेवटी शिपायानं नाव घेऊन आत बोलावलं. आत पवित्रा मॅडम बसल्या होत्या. धारवाडकडच्या, वय तिशीचं, बदली होऊन दोनच महिने झाले होते. त्या कन्नडात बोलल्या, मीही कन्नडात बोललो. इथं मराठीत लिहितोय.

"या खात्यात तीन दिवसांत नऊ वेळा रोख भरली गेलीय. पुणे, हैदराबाद, सोलापूर. कोण भरतं?"

"पोरं भरत्यात."

"तुम्हाला मुलं किती?"

"एक लेक हाय."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग पासबुक माझ्याकडे न बघताच उलटलं आणि विचारलं, "मग हे पैसे कुणाचे?"

मी म्हणालो, "माझेच."

असं मी का म्हणालो ते सांगायला पाहिजे. आमची वाडी बिदरकडची, हळ्ळीखेडच्या वरच्या अंगाला. आम्ही मेंढरंवाले. आता वाडीत मेंढरू शोधून सापडत नाही, पण माझ्या उमेदीत दिवाळी झाली की अकरा घरांची मेंढरं एका कळपात घालून मी मांजरेच्या काठाकाठानं खाली जायचो ते उन्हाळा संपताना परत. घराघराची खूण मेंढराच्या कानाला असायची. कुणाची डाव्या कानाला एक खाच, कुणाची उजव्याला दोन, कुणाचं कानाचं टोकच उडवलेलं. वाटेत जंगलवाला भेटायचा, पोलीसपाटील भेटायचा. विचारायचे, मेंढरं कुणाची? अकरा घरांची म्हटलं की अकरा मालकांची नावं सांगा, कागद दाखवा, प्रत्येकाचे पैसे वेगळे द्या. म्हणून बापानं मला शिकवलं होतं, कुणीही विचारलं तर माझीच म्हणायचं. तीस वर्षं मी तेच म्हणत आलो. खोटं बोलतोय असं कधी वाटलं नाही. वाटेवर असेपर्यंत ती माझीच असायची. एखादं मेलं तर कान कापून आणून मालकाला द्यायचो, म्हणजे विकून खाल्लं असं कुणी म्हणू नये.

पुढं पोरं सेंट्रिंगच्या कामाला पुण्याला गेली, हैदराबादला वॉचमन झाली. मेंढरं विकली गेली. साक्षरतेच्या वर्गात शेचाळिसाव्या वर्षी मी कन्नड अक्षरं शिकलो, आणि तुळजाच्या पुस्तकावरून मराठी. वाडीत माझ्या वयाचा सही करणारा मी एकटा. चिटगुप्प्याचे कापडवाले चन्नवीर यांनी ओळख दिली आणि २००४ मध्ये माझं खातं निघालं. मग पोरं तिकडच्या शाखेत माझ्या खात्यावर भरायची, मला फोन करायची, मी काढून घरोघरी पोचवायचो. पुन्हा अकरा घरांचा एक कळप. पासबुकात छापलेल्या प्रत्येक ओळीपुढं मी पेन्सिलीनं त्या घराची कानाची खूण काढायचो. नाव लिहायला मला वेळ लागायचा आणि जागाही पुरायची नाही.

मॅडमनी मी बोललो ते कागदावर उतरवलं आणि वाचून दाखवलं. खात्यातले सर्व पैसे माझे स्वतःचे आहेत. खाली मी सही केली. सही करायला मला आवडतं. त्या दिवशीही सावकाश, नीट केली.

"खातं थांबवलंय," त्या म्हणाल्या. "कंप्युटरनं थांबवलंय, मी नाही. पैसे आत येतील, बाहेर निघणार नाहीत. गुलबर्ग्याच्या ऑफिसातून उत्तर आलं की बघू."

"कवा येतंय?"

"दोन दिवस, चार दिवस. मार्च एंड आहे."

"दवाखान्याचं काम हाय, मॅडम. बाईमानसाचा पाय कापायचाय."

"सगळे दवाखान्याचंच सांगतात, अज्जा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी कागद फायलीत घातला, त्यावर पासबुक ठेवलं आणि फायलीची नाडी बांधली.

पाय अनसाबाईचा. माझ्या शेजारची, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली, मी तिला अक्का म्हणायचो. तिला साखरेचा आजार होता. बाभळीचा काटा अंगठ्यात मोडला ते तिला आठ दिवस कळलंच नाही. अंगठा काळा पडला, मग पाऊल. बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखाली कापा, नाहीतर विष वर चढेल. पंधरा दिवस ती नको म्हणत राहिली. तिचा मुलगा सुनीलकुमार पुण्यात सेंट्रिंगला होता. त्यानं स्वतःचे भरले, मग सोबतच्या पोरांना सांगितलं, आणि वाडीतली जी पोरं जिथं होती तिथून प्रत्येकानं टाकले. बारशाच्या दिवशी मी तिला हे सांगितलं.

"हावगेप्पाच्या पोरानं बी टाकले?" तिनं विचारलं.

"टाकले."

"त्याचा बाप वीस वर्सं माझ्याशी बोलत न्हाई."

"पोरगं बोलायलंय की."

तिनं पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "मग कापू दे बाबा. आता न्हाई म्हनलं तर एवढ्या पोरांचा जीव दुखवल्यावानी व्हईल."

बुधवारी दाखल करायचं ठरलं. तीस हजार आधी भरायचे होते.

सोमवारी दुपारी मी परत आलो तेव्हा ती दारात पोत्यावर पाय लांब करून बसली होती. शेजारी गाठोडं बांधून तयार. दोन लुगडी, ताट, तांब्या.

"आनलास?"

"मशीन बंद हाय. उद्या."

"मशीनला बी साखर झाली का काय?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

तिला खरं सांगायला काय हरकत होती, हे मी पुढं फार वेळा स्वतःला विचारलं. सांगवलं नाही. अकरा घरांचा माणूस मी, माझ्याच खात्यातून मला पैसे देत नाहीत हे तोंडातून निघेना.

मंगळवारी पुन्हा गेलो. उत्तर नव्हतं. परतलो तर तुळजा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, अक्काच्या घराकडनं वास यायलाय. आपल्या दोन शेळ्या हायत की, इका. आधी दवाखान्यात तर न्या."

"बँकेत बेचाळीस हजार पडलेत. शेळ्या कामून इकायच्या?"

"पडलेत म्हनता, मग उचला की."

त्या शेळ्या मी मंगळवारी विकल्या नाहीत.

बुधवारी चन्नवीरअप्पांना घेऊन बँकेत गेलो. खात्याला ओळख त्यांचीच होती. मोठा माणूस, सोबत असला की खुर्ची मिळते. आम्हाला दोघांनाही खुर्च्या मिळाल्या.

मी मॅडमना सगळं सांगितलं. पैसे माझे नाहीत, अकरा घरांचे आहेत, हे बेचाळीस हजार अनसाबाईच्या पायाचे आहेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग फायलीची नाडी सोडून पासबुक काढलं, उघडून टेबलावर माझ्यापुढं ठेवलं, आणि पेन्सिलीच्या खुणांवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"कान हाय, मॅडम."

"काय?"

"मेंढराचा कान. ही डाव्या कानाला एक खाच, म्हंजी कल्लप्पाचं घर. ह्या उजव्याला दोन, अनसाबाईचं."

त्या चन्नवीरअप्पांकडे वळल्या. "हे खरं आहे?"

अप्पांनी घसा साफ केला. "मेंढरांचं मला काय ठाऊक, मॅडम? मी कापड विकतो. माणूस मात्र चांगला आहे."

मॅडम माझ्याशी नीट बोलल्या, हे मला लिहिलंच पाहिजे. त्या म्हणाल्या, "अज्जा, मागच्या वर्षी मी जिथं होते तिथल्या एका म्हाताऱ्याच्या खात्यात अशाच रकमा आल्या. दहा गावांहून, थोड्या थोड्या. लॉटरी लागली सांगून लोकांना फसवलं होतं, आणि म्हाताऱ्याच्या हातानं काढून घेत होते. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. त्याच्या पासबुकात खुणा नव्हत्या, तुमच्यात खुणा आहेत. सोमवारी तुम्ही सही करून दिलंत की पैसे माझे. आज म्हणता अकरा घरांचे. मी गुलबर्ग्याला यातलं कोणतं कळवू?"

"आजचं."

"सोमवारचं गेलं."

मग त्यांनी कंप्युटरकडे पाहिलं आणि पडदा थोडा माझ्याकडे फिरवला. "आणि आज सकाळपासून आणखी चार वेळा भरलेत."

मला पडद्यावरचं वाचता आलं नाही, पण काय झालं ते लगेच कळलं. दोन दिवस उशीर होतोय म्हणजे पैसे कमी पडले असतील, असं पोरांना वाटलं होतं.

मॅडमनी एक कागद पुढं केला. ओळख देणाऱ्यानं या रकमांची जबाबदारी घेतो असं लिहून सही केली, तर त्या स्वतः फोन करून बघणार होत्या. अप्पांनी चष्मा लावून कागद वाचला. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. पुन्हा वाचला. मग टोपण लावलं.

"नको, सिद्धण्णा," ते मला म्हणाले. "उद्या पोलीस आले तर मला दुकान आहे."

बाहेर आल्यावर त्यांनी मला चहा पाजला. "राग धरू नका," म्हणाले.

"न्हाई धरत," मी म्हणालो आणि चहा प्यालो.

तिथूनच सुनीलकुमारला फोन लावला. तो स्लॅबवर होता, मागे मिक्सरचा आवाज.

"आता कुनी टाकू नका म्हनावं."

"कामून मामा, पुरले का?"

"टाकू नका. बँकेनं खातं धरलंय. एक रुपया निघंना."

तो मिक्सरपासून लांब गेला असावा, आवाज कमी झाला. मग तो म्हणाला, "मामा, खरं सांगा."

सात वर्षांत त्यानं मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "खरंच सांगायलाव."

"पोरं इचारायलेत, म्हनून म्हनलं," तो म्हणाला. "अम्माला दाखल केलं का?"

"करतो."

संध्याकाळपर्यंत एका अनसाबाईला सोडून सगळ्या वाडीत कळलं होतं. फोन पुण्याहून एका घरी आला की अकरा घरांत जातो. कल्लप्पा माझ्या दारावरून चालला होता, तो थांबला आणि वर माझ्या छपराकडं बघत म्हणाला, "गेल्या सालचे ना हे पत्रे, सिद्धूमामा? चांगले हायत. जाड हायत." एवढंच म्हणून गेला. त्यानंतर मी कुणाकडे उसने मागायला गेलो असतो तर काय ऐकायला मिळालं असतं ते कळलं, म्हणून गेलो नाही.

गुरुवारी एकतीस तारीख. बँकेत कुणी मान वर करत नव्हतं. शुक्रवारी बँक हिशोबासाठी बंद. मला वाटलं होतं, शनिवारी निघतील. शनिवारी पहाटे अनसाबाईला थंडी वाजून ताप भरला. गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. घोट्याच्या वर, नडगीवर लाल रेघ चढलेली दिसत होती.

तेव्हा मी शेळ्या सोडल्या. हळ्ळीखेडच्या खाटकानं अडलेला माणूस ओळखला आणि दोन्हींचे मिळून साडेसात हजार दिले. तुळजानं बारशात आलेले दीड हजार आणून हातात ठेवले. टमटम करून आम्ही बिदरला निघालो. अनसाबाईचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय समोरच्या बाकावर.

जनवाड्याकडं जाणारा फाटा लागला तेव्हा तिनं डोळे उघडले. "पैसे निघाले?"

"न्हाई, अक्का. सोमवारीच धरले बँकेनं. मी तुला मशीन म्हनलो ते खोटं."

"मग हे कुठले?"

"शेळ्या इकल्या."

"सोमवारीच कामून सांगितलं न्हाईस रे?"

"वाटलं, निघतील."

"सोमवारचं हे कुनाला बोललास का?"

"न्हाई."

"मग बोलू नको. सुनील्या इचारील, एवढा उशीर कामून. त्याला म्हनावं, अम्माच न्हाई न्हाई म्हनत बसली होती. मी म्हनत व्हतेच की पंधरा दिस." तिला दम लागला. थांबून म्हणाली, "तुला त्या वाडीत ऱ्हायचंय. तुळजाला माहेरी यायचंय."

डॉक्टरांनी साडेआठ हजारांत दाखल करून घेतलं, पैशावरून अडवलं नाही. पाय बघितला, नाडी बघितली आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "आज कापता येणार नाही. विष रक्तात गेलंय. ताप उतरला, रक्तदाब वर आला तर बघू. मंगळवारी-बुधवारी आणलं असतं तर वेगळं होतं."

रविवारी दुपारी सुनीलकुमार आला. अंगावर सिमेंटचे कपडे तसेच. आईजवळ बसला, तिचा हात धरला. मग उभा राहिला आणि माझ्याकडे वळला.

"मामा, एवढा उशीर कामून केला?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही नक्की सांगता येत नाही. खाटेवरून अनसाबाई बोलली. जीभ जड झाली होती, पण शब्द सरळ होते.

"त्याला कामून बोलायलास? मीच न्हाई म्हनत व्हते. तो रोज येऊन डोकं फोडायचा."

सुनीलकुमारनं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चुकलं माझं, मामा. फोनवर वाकडं बोललो." मी तो हात तसाच राहू दिला.

मी बोललो नाही ते असं. त्याला अजून ठाऊक नाही. वाचायला तो माझ्यापेक्षा चांगला शिकलाय, हे कधी त्याच्या हाती पडलं तर वाचेल.

बुधवारी, सहा एप्रिलला, बँकेच्या शिपायानं हळ्ळीखेडच्या बसमधल्या माणसाबरोबर निरोप धाडला. मी चिटगुप्प्याला गेलो. पवित्रा मॅडम खोलीतून बाहेर खिडकीपर्यंत आल्या. शनिवारी त्यांनी आपणहून गुलबर्ग्याला दुसरं पत्र पाठवलं होतं, दोनदा फोन केला होता. मेंढरांच्या खुणांचं सगळं त्यात लिहिलं होतं म्हणाल्या, तिकडचे साहेब पहिल्यांदा हसले आणि मग सोडलं.

"सगळे काढताय?"

"सगळे."

कॅशियरनं नोटा दिल्या. मी त्या उपरण्यात बांधल्या. ज्यानं दिले त्याच्या घरी संध्याकाळपर्यंत पोचवायचे होते. काही घरांनी दारातच घेतले, कल्लप्पानं मोजून घेतले, हावगेप्पानं घेतले नाहीत, ते मी सुनीलकुमारच्या हातात दिले. त्या महिन्यापासून पोरांनी दुसऱ्या वाटेनं पैसे पाठवायला सुरुवात केली. मला कुणी काही म्हणालं नाही.

त्या दिवशी बँकेतून मी निघताना मॅडम म्हणाल्या, "आता थांबू नका अज्जा, लगेच दवाखान्यात भरा. त्या बाईंना बरं वाटेल."

"व्हय," मी म्हणालो. त्यांना सांगून काय होणार होतं. माझ्यामागे लोक उभे होते.

अनसाबाई सोमवारी, चार एप्रिल २०११ रोजी, पाडव्याच्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता बिदरच्या दवाखान्यात वारली. तिचं वय सहासष्ट होतं.